हत्तीतळ्यातून घरपोच

"आजपासून हत्तीतळ्यात जे काही पडेल, ते ज्याचं त्याला घरपोच परत मिळेल. टाकणारा कोणीही असो. चूक होणार नाही, ही जबाबदारी माझी."

रसिका डंबीरनं माइकवर हे सांगितलं आणि देवगव्हाणच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. रसिका नगरपरिषदेची तलाव अभियंता. तिच्या मागं पाण्यावर डझनभर पांढरी यंत्रं तरंगत होती. लांब मान, पातळ पंख, पोटात छोटी प्रयोगशाळा. कोनशिलेवर त्यांचं नाव 'एकात्मिक सरोवर परतावा प्रणाली' असं कोरलेलं होतं. गाव त्यांना उद्घाटनाच्या आधीपासूनच बगळे म्हणत होतं.

मग ओटीचा कार्यक्रम झाला. हत्तीतळ्याची ओटी भरल्याशिवाय देवगव्हाणात काही सुरू होत नाही. नगराध्यक्ष रणधीरदादा वाघचवरे यांच्या पत्नी शीतलताई घाटाच्या पायऱ्या उतरल्या आणि त्यांनी खण, नारळ, तांदूळ, हळकुंड असं सगळं पाण्यात सोडलं. वर कोनशिलेवरचा हारही सोडला. हात जोडले आणि परत पायऱ्या चढू लागल्या.

त्या शेवटच्या पायरीवर पोचायच्या आत एका बगळ्यानं मान वाकवली, सगळं उचललं, वास घेतल्यासारखं केलं आणि उडत येऊन ओला खण, नारळ, चिखल झालेले तांदूळ त्यांच्या ओटीत टाकले.

ओटी परत येणं याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता आणि कोणालाच तो आधी बोलायचा नव्हता. हार मात्र शीतलताईंकडे आला नाही. तो स्टँडजवळच्या फुलवालीकडे गेला, कारण ओवताना तिचेच हात जास्त लागले होते. तिनं तो पाण्याचा हबका मारून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेलाच परत विकला.

"तांत्रिकदृष्ट्या सगळं बरोबर झालंय," रसिका रणधीरदादांना म्हणाली.

"असेल मॅडम. पण जेवायला मला घरी जायचंय."

आता हे यंत्र काय करत होतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण देवगव्हाणनं ते समजून घेतलं नाही.

तळ्यात शेवाळ वाढायला ऊन लागतं, पाणी लागतं आणि थोडं फॉस्फरस लागतं. ऊन आणि पाणी भरपूर असतं. फॉस्फरस तेवढं कमी असतं, म्हणून शेवाळ गप्प बसून असतं, पंगतीत मीठ वाढायचं राहिल्यावर माणसं बसतात तसं. कोणी चिमूटभर वाढलं की ते सुटतं. पाणी हिरवं होतं. मग ते शेवाळ मरतं, सडतं, सडताना पाण्यातला प्राणवायू खातं आणि मासे तोंड वर करून मरतात. ही चिमूट कुठून येते? साबणातून, सांडपाण्यातून, खतातून, कुजलेल्या फुलांतून आणि शनी शांत व्हावा म्हणून माशांना घातलेल्या कणकेच्या गोळ्यांतूनही.

हे सगळं जगाला आधीच माहीत होतं. नवीन होतं ते पुढचं. आपल्या हातावर जंतूंची मोठी वस्ती असते. एका घरातली माणसं तीच कडी लावतात, त्याच बादलीत हात घालतात, त्याच टॉवेलला तोंड पुसतात, त्यामुळे त्या घरातल्या सगळ्यांच्या हातावर साधारण एकसारखी वस्ती होते. दुसऱ्या घरात ती वेगळी. म्हणजे ज्या वस्तूला आपण हात लावला, तिच्यावर आपल्या घरचा पत्ता लिहिला गेला. बगळा वस्तू उचलायचा, पुसून बघायचा, पत्ता वाचायचा आणि निघायचा. त्यासाठी नगरपरिषदेनं घरोघर जाऊन हातांचे नमुने घेतले होते. नमुना देणाऱ्याला स्टीलचा डबा मिळत होता. झाकण नीट बसत नव्हतं, तरी गावानं हात दिले.

एकच गोष्ट बगळ्यांना जमत नव्हती. तळ्याच्या वरच्या अंगाला करवंदीच्या जाळीत रणधीरदादांच्या दूध प्रकल्पाचा पाइप उघडत होता आणि त्यातून पांढरट पाणी सतत येत होतं. पण पाइपला हात नसतो. रसिकानं हा विषय बैठकीत काढला, तेव्हा मुख्याधिकारी म्हणाले, "मॅडम, आधी लोकांच्या सवयी सुधारू. पाइपच्या सवयीचं नंतर बघू."

तरीही दोन-तीन महिन्यांत तळं बरंच निवळलं. घाटावर उभं राहिलं की चौथ्या पायरीपर्यंत दगड दिसायला लागला. खरे बगळे परत आले आणि खोट्यांशी भांडायला लागले.

बिघडलं ते गाव. तळ्याचं काम नुसतं पाणी साठवायचं नव्हतं, हे तोवर कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. जे कचऱ्यात टाकवत नाही आणि घरात ठेववत नाही, ते सगळं देवगव्हाण पिढ्यान्‌पिढ्या हत्तीतळ्याच्या हवाली करत आलं होतं. काच फुटलेले देवांचे फोटो. निर्माल्य. गेलेल्या माणसाचा चष्मा. न जुळलेल्या पत्रिका. आता हे सगळं दारात परत येत होतं, ओलं. एकानं मोडलेल्या लग्नाचा अल्बम तळ्यात टाकला, तो बगळ्यानं दुसऱ्या बायकोच्या हातात दिला. तिनं तो पंख्याखाली वाळवला आणि पहिल्या पानापासून बघितला. शनीचे गोळे परत आलेल्या माणसाला ज्योतिष्यानं सांगितलं की शनीनं स्वीकारलेले नाहीत, आता दुप्पट घाला. त्या घरच्या परातीला मग उसंत राहिली नाही.

फ्रिजवर, चपलांच्या कपाटावर, गाडीच्या डिकीत देव साठले. माणसं उगीच दारात येऊन वर बघायची. पंखांचा आवाज आला की आत जायची.

रसिकालाही चैन नव्हतं. प्रत्येक परताव्याची खबर तिच्या फोनवर यायची. जेवताना ती डाव्या हातानं फोन बघायची.

"तळ्याचा ताप उतरला का?" तिचा नवरा केदार विचारायचा. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि तळ्याबद्दल त्याला एवढंच बोलायची परवानगी होती.

"मस्करी नको. हे वर्ष नीट गेलं तर राज्यभर हीच पद्धत लावणार आहेत."

"म्हणजे राज्यभर ओट्या परत येणार."

अशात तात्या गेले.

तात्या म्हणजे मुरलीधर माळवदे, रसिकाचे वडील. पेठेत 'माळवदे टेलर्स' त्यांचंच. शिलाईपेक्षा त्यांचं नाव पोहायला शिकवण्यात होतं. पाठीला पत्र्याचा हवाबंद डबा बांधायचे आणि घाटावरून ढकलून द्यायचे. अर्ध्या गावानं हत्तीतळ्याचं पाणी असंच प्यायलं होतं. ते सकाळी झोपेतच गेले, मुलगा हर्षद, म्हणजे रसिकाचा थोरला भाऊ, याच्या घरी.

"शेवटपर्यंत माझ्याकडेच होते," हर्षद येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. हे खरं होतं. रात्री झोपायला तात्या तिथंच असायचे.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली. हर्षदनं मडकं तात्यांच्याच पंचात बांधलं आणि रसिकाला बाजूला घेतलं.

"अलीकडं सारखं एकच बोलायचे. मला हत्तीतळ्यातच सोडा, नदी माझ्या ओळखीची नाही."

"मलापण म्हणायचे," रसिका म्हणाली. "पण दादा, हाडाच्या राखेत फॉस्फरसच असतं बघ. बगळे सोडणार नाहीत. आपण नदीवर जाऊ."

"नियम कुणी केलाय?"

"मी."

"मग मोड."

"माझ्या बापासाठी मोडला तर उद्या गावाला काय तोंड दाखवू?"

"बाप माझापण आहे. आणि तळं तुझं नाही."

तो एवढंच बोलला आणि मडकं घेऊन गेला. रसिकाला वाटलं विषय मिटला. हर्षद गप्प बसला म्हणजे त्यानं ऐकलं, असं तिला लहानपणापासून वाटत आलं होतं आणि लहानपणापासून ते चूक निघत आलं होतं.

दहाव्याला सगळे घाटावर जमले. पिंड ठेवला होता. कावळा शिवत नव्हता. पाहुणेरावळे वर बघत बसले होते आणि जो तो हळू आवाजात तात्यांची काय इच्छा राहिली असेल त्याचा अंदाज करत होता. तेवढ्यात हर्षद उठला, पिशवीतून मडकं काढलं, कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि सोडून दिलं.

वर बघणाऱ्यांना कावळ्याऐवजी बगळा दिसला. त्यानं बुडतं मडकं मानेनं उचललं, पंचाला पुसून बघितलं आणि पिंडावरून, गुरुजींवरून, सगळ्या भावकीवरून उडत गेला. हर्षदचं घर घाटाच्या उजवीकडं. बगळा डावीकडं वळला.

रसिका वहिनीच्या शेजारी बसली होती. तिच्या पर्समधला फोन मोठ्यानं बोलला, "आपली वस्तू आपल्या दारी पोचली आहे."

घाटावर इतकी शांतता झाली की त्या शांततेत कावळा आला आणि पिंडाला शिवला. कोणी बघितलंच नाही.

"तुमच्या दारी?" पल्लवीवहिनी म्हणाली.

"वहिनी, ते पंचामुळं. तात्या दुपारी आमच्याकडं..." रसिका थांबली. पण आता थांबून उपयोग नव्हता.

"दुपारी तुमच्याकडं काय?"

"जेवायचे. मग जरा पडायचे. पंचा आमच्या गॅलरीत वाळायचा. एवढंच."

"रोज?"

रसिकानं फोन पर्सच्या तळाशी दाबला.

"आम्ही काय रस्त्यावर ठेवलं होतं का त्यांना, ताई? डबा जायचा दुकानात. रोज माझ्या हातचा जायचा."

हर्षद ओल्या धोतरानं पायऱ्या चढून आला. "तूच शिकवलंस त्या यंत्राला."

"दादा, ते कुणाचं ऐकत नाही. ते फक्त हातावरचे जंतू वाचतं."

"म्हणजे माझा बाप कुणाच्या घरी राहत होता ते आता जंतू सांगणार? चारचौघांत?" त्यानं ओला हात झटकला. "बरंय. तुझं माहेर कुठंय ते पण आता त्या बगळ्यालाच विचार. माझ्या दारात येऊ नको."

रसिका घरी आली तेव्हा मडकं दाराबाहेर पायपुसण्यावर होतं. केदारनं ते उचलून आत आणलं आणि कुठं ठेवावं ते न कळून हातातच धरून उभा राहिला.

"देवघरात चालत नाही ना?"

"नाही."

"आणि स्वयंपाकघरात?"

"केदार, बस जरा गप."

तात्या त्या दिवशी टीव्हीशेजारी राहिले. रसिका सारखी उठून फोन बघत होती, भावाचा काही निरोप येतो का. तळ्याच्या खबरा येत होत्या. कोणाची तरी शनीची परात परत गेली. कोणाचा तरी गणपतीचा फोटो.

संध्याकाळी केदार मडकं स्कूटरवर पायाशी ठेवून हर्षदकडं देऊन आला. पल्लवीवहिनीनं त्याला चहा दिला. साखर घातली नव्हती, आणि त्यानंही मागितली नाही.

हर्षद शिंपी होता. उसवलेलं काम तो पुन्हा निगुतीनं करायचा. दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानातला न फोडलेला कापडाचा गठ्ठा काढला, नवं मडकं उकळत्या पाण्यात घालून काढलं, हातात रबरी मोजे चढवले आणि तात्यांना नव्या मडक्यात, नव्या कापडात बांधलं. कुठंही कुणाचाही हात लागला नाही. मग मोजे न काढता तळ्यावर गेला आणि पलीकडच्या काठावरून मडकं पाण्यात सोडलं.

बगळ्यानं मडकं उचललं. पुसलं. परत पुसलं. पत्ता सापडेना. पत्ता नसलेल्या वस्तू नगरपरिषदेत तळमजल्यावर जात. तिथं खोलीवर पाटी होती: 'बेवारस विभाग. दर सोमवारी लिलाव. उरलेलं खत प्रकल्पाकडे.'

रसिकाच्या फोनवर फोटो आला. मांडणीवर एक हेल्मेट, एका पायातल्या चपला, आणि मध्ये मडकं. खाली लिहिलेलं: 'मातीचे भांडे, आत पूड, बेवारस.'

ती जेवण टाकून धावली. तिथं पोचली तर हर्षद आधीच खिडकीशी उभा होता. त्यालाही कोणीतरी फोटो पाठवला होता.

"तू लिहिलंस हे?" तो म्हणाला. "बेवारस?"

"यंत्रानं लिहिलंय. तू मोजे घातलेस ना."

"मग काय करणार होतो. दोन पोरं असलेला माणूस आणि बेवारस."

"तर मग ओरडतोस कशाला, पत्ता तूच पुसलास की."

खिडकीमागं रियाज मुजावर बसला होता. त्यानं हात वर करून दोघांना थांबवलं. "वस्तूचं वर्णन सांगा."

"मडकं," हर्षद म्हणाला. "तिथं. त्या हेल्मेटच्या शेजारी."

"मला दिसतंय. पण तुम्ही सांगायचं असतं. रंग?"

"लाल. आतलं राखाडी."

"आत काय आहे?"

"आमचे वडील."

रियाजनं मान वर केली. दोघांकडं नीट बघितलं. "माळवदे तात्या?" तो उठला, हेल्मेट खाली ठेवलं आणि मडकं दोन्ही हातांनी उचलून स्वतःच्या टेबलावर आणलं. "मला त्यांनीच पोहायला शिकवलं. मी रडत होतो तर म्हणाले, पाण्यात रड, कुणाला दिसत नाही." त्यानं मडकं टेबलाच्या मधोमध सरकवलं. मग पडद्याकडं वळला. "पण सिस्टिमला घर सांगावं लागतं. कुणाच्या घरचे, ते. एकच घर घेते ती. दोन घेत नाही."

हर्षद खिडकीच्या गजाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हिचं लिहा."

"दादाचं लिहा," रसिका म्हणाली. "ते त्याच्याकडं राहत होते."

"आत्ता तर तुम्ही दोघं भांडत होतात."

"ते आमचं चालूच असतं," हर्षद म्हणाला.

"मग ठरवून या," रियाज म्हणाला आणि मडक्यावर धूळ बसू नये म्हणून त्यावर आजचा पेपर ठेवला.

बाहेरच्या बाकावर दोघं बसले. समोर बगळ्यांच्या माहितीचं मोठं पोस्टर होतं, त्यात रसिकाचाच हसरा फोटो होता. हर्षद त्याकडं बघून बोलला, तिच्याकडं नाही.

"मला माहीत होतं ते तुझ्याकडं जेवतात. डबा जसाच्या तसा असायचा. विचारलं की म्हणायचे भूक नाही. मी पुढं विचारायचो नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं."

"पल्लवीवहिनीचा राग नव्हता रे त्यांना. दुपारी तुमच्या घरी शिकवण्या असतात, पोरं असतात, त्यांना लवंडायला जागा नसायची. एवढंच होतं."

"मग मला बोलायचं की."

"तुला बोलले असते तर तू शिकवण्या बंद केल्या असत्यास. मग वहिनी त्यांना बोलली असती."

हर्षद हसला. पहिल्यांदाच. "बोललीच असती." मग लगेच त्याचा चेहरा पडला. "रसे, घर कुणाचं ते मरू दे. सोमवारी त्यांचा लिलाव करणार आहेत. ते खतात नको जायला. एकदा पाण्यात जाऊ देत, मग मला काही नको. तू दारात ये, नको येऊ, तुझी मर्जी. मी बोललो ते बोललो."

रसिकानं फोन काढला. बगळे थांबवण्याचा अधिकार तिला एकटीला होता. 'देखभाल' असं बटण होतं. अर्ध्या तासाच्या वर चालत नव्हतं आणि आजवर तिनं एकदाही दाबलं नव्हतं. ती त्या बटणाकडं बराच वेळ बघत बसली. राज्यभर पद्धत लावणार होते. वर्ष नीट जायला हवं होतं.

"उद्या दुपारी," ती म्हणाली. "उन्हात तळ्यावर कुणी नसतं."

ती एक गोष्ट विसरली. बगळे बंद ठेवायचे तर गावाला आगाऊ कळलं पाहिजे, लोकांपासून काही लपवायचं नाही, हा आग्रह तिनंच मंजुरीच्या वेळी धरला होता. त्यामुळे तिनं वेळ भरली आणि तिच्या नकळत देवगव्हाणातल्या प्रत्येक फोनवर निरोप गेला: 'उद्या दुपारी देखभालीसाठी सर्व बगळे अर्धा तास बंद राहतील. गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

दुसऱ्या दिवशी बहीण-भाऊ घाटावर उतरले. मडकं रियाजकडून सोडवून आणलं होतं. घराच्या रकान्यात त्यानं शेवटी स्वतःचं घर लिहिलं होतं. रसिकानं बटण दाबलं. बगळे माना खाली घालून पाण्यावर बसले.

हर्षद पाण्यात उतरला. रसिका सलवार दुमडून त्याच्या मागं. त्यानं कापड सोडलं. मडकं हातातून निसटत होतं म्हणून तिनं खालून हात लावला.

"आता सोड," ती म्हणाली.

"पोहायला शिकवताना पण असंच म्हणायचे ना. आता सोड."

त्यानं मडकं कलतं केलं. राख पाण्यावर पसरली आणि हळूहळू लांब जायला लागली.

मग काठावरून आवाज आला. रसिकानं वळून बघितलं. भर उन्हात अर्धं गाव घाटावर उभं होतं. कुणाच्या हातात पोतं, कुणाच्या डोक्यावर गाठोडं, कुणाच्या स्कूटरवर देवांच्या तसबिरी सुतळीनं बांधलेल्या. सगळे सहज फिरायला आल्यासारखे आकाशाकडं बघत होते. शीतलताई पदराखाली ओटी घेऊन पुढं होत्या.

"तुमचं उरकलं का?" त्यांनी हळूच विचारलं. "नाही, सावकाश होऊ दे. आम्ही थांबतो."

पण मागचे थांबले नाहीत. एक पोतं पडलं, मग दुसरं, आणि मग तळ्याभोवती सगळीकडून एकदमच सुरू झालं. फोटो, चष्मे, पत्रिका, जुन्या औषधांच्या बाटल्या, निर्माल्याची पोती, परातभर कणीक. घाटावर त्या दिवशी आणखी कितीतरी मडकी होती, हेही रसिकाला दिसलं. कपाटांवर, माळ्यावर, गुपचूप थांबून राहिलेले कुणाचे तरी आईवडील. त्यांची पोरं मान खाली घालून पाण्यात उतरत होती.

रसिकाचा अंगठा फोनवर होता. एकदा दाबलं की बगळे जागे झाले असते.

"दादा, चालू करू का?"

हर्षदनं पाण्याकडं बघितलं. "थांब जरा. अजून वर तरंगतायत."

तिनं तळ्याकडं बघितलं. चौथ्या पायरीवरचा दगड आता दिसत नव्हता. तिनं फोन पर्समध्ये टाकला, चेन लावली आणि भावाचा दंड धरून उभी राहिली. वेळ संपेपर्यंत ती हलली नाही.

बगळे जागे झाले तोवर बहुतेक सगळं तळाशी गेलं होतं. आठवड्यात तळं हिरवंगार झालं. चौकशी झाली. त्यात दूध प्रकल्पाच्या पाइपचा उल्लेख 'नैसर्गिक झरा' असा होता आणि दोष एका मडक्याचा निघाला. रसिकाची बदली मोकाट जनावरं विभागात झाली. तिची खुर्ची आता कोंडवाड्याच्या ओसरीवर होती आणि समोर एक म्हैस उभी असायची, तिचाही मालक कोणी सांगत नव्हतं.

हर्षद तिथं डबा घेऊन आला. पल्लवीवहिनीनं दिला होता, आणि त्यात गोडही होतं.

"माझ्यामुळं झालं," तो म्हणाला.

"तात्यांमुळं झालं. जेव आता."

इकडं तळ्याचा कारभार मुख्याधिकाऱ्यांनी स्वतःकडं घेतला. पडद्यावर त्यांना 'संपूर्ण शुद्धी' असं बटण सापडलं. रसिकानं त्याखाली 'वापरू नये' लिहून ठेवलं होतं. ते त्यांना जुनी सूचना वाटली. त्यांनी दाबलं.

बगळ्यांनी तळाला चोची लावल्या. जिथं जिथं फॉस्फरस जास्त होतं तिथला गाळ त्यांनी ओढून काढला, धुतला, वाळवला, दळला. बरंचसं हाडांचंच निघालं, कारण तळाशी तेच बसलं होतं. पण त्यावर इतक्या घरांच्या हातांची सरमिसळ झाली होती की कुठलाच पत्ता वाचता येईना. अशा वेळी काय करायचं ते यंत्राला सांगितलेलं होतं: समान वाटप. नगरपरिषदेच्या दप्तरात जितके घर क्रमांक होते तितक्या सीलबंद पुड्या तयार झाल्या आणि एका सकाळी बगळ्यांचा थवा गावावरून फिरला.

हर्षदचा फोन आला. "तुला आली का पुडी?"

"आली."

"यात तात्या किती असतील?"

"थोडे असतील. सगळ्यांच्यातच थोडे थोडे असतील."

"आणि माझ्याकडं दुसऱ्या कुणाकुणाचे बाप आलेत."

"हो."

"मग ठेवतो जपून," तो म्हणाला. "दुपारी लग्नाला येतीयस ना? नवऱ्याचा कोट मी शिवलाय. बरोबर जाऊ."

मंगल कार्यालयालाही घर क्रमांक होता, त्यामुळे एक पुडी तिकडंही गेली होती. वेष्टन दारातल्या खिळ्याला लागून फाटलं. आतली पूड पांढरी आणि बारीक होती आणि दारातली रांगोळी कमी पडली होती, म्हणून व्यवस्थापकानं तिनंच कमळ पुरं करून घेतलं. दोन वाजता वऱ्हाड त्यावरून आत गेलं. रसिका आणि हर्षद थोडे उशिरा पोचले. दारात गर्दी होती, तेव्हा दोघांनी चपला कमळाच्या पाकळीवर काढल्या आणि अक्षता घेऊन पुढं गेले.